मूळ साधन कोणते, दुय्यम कोणते?



२६ जुलै जवळ आला की आमच्या कोल्हापुरात शाळाशाळांतून भाषणे होतात. त्यांत एक वाक्य हमखास येते : शाहू महाराजांनी १९०२ साली अस्पृश्यांना ५० टक्के नोकऱ्या राखून ठेवल्या. बोलणाऱ्याची श्रद्धा खरी आहे. वाक्य खरे आहे काय?

त्यासाठी करवीर सरकारच्या गॅझेटातील हुकूमच पाहावा लागतो. त्यात सर्व नोकऱ्या नाहीत. हुकूम पोचल्यापासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा आहेत. त्याही केवळ अस्पृश्यांसाठी नव्हेत. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्वांना हुकूम मागासलेले म्हणतो. शिवाय केलेल्या नेमणुकांचा तिमाही तक्ता खातेप्रमुखांनी पाठवावा, असे शेवटी बजावले आहे. हे कलम भाषणात कधी ऐकले आहे का?

असा त्या काळचा, त्या घटनेतूनच निघालेला कागद म्हणजे मूळ साधन. धनंजय कीरांचे १९७६ सालचे शाहूचरित्र हे दुय्यम साधन. दुय्यम म्हणजे हलके नव्हे. कीरांनी पुष्कळ कागद चाळले, ते कष्ट आपल्याला आयते मिळतात. पण चरित्रावरून लेख, लेखावरून भाषण, अशी उतरंड लागली की शब्द गळतात. आणि १९७०च्या दशकात शाहूंकडे कसे पाहिले जाई असा प्रश्न असेल, तर तेच चरित्र मूळ साधन ठरते.

मूळ कागदही सगळेच सांगत नाही. हुकूम निघाला एवढे गॅझेट सांगते. जागा भरल्या की नाही, हे त्या तिमाही तक्त्यांना विचारावे. माणगावची परिषद २१ व २२ मार्च १९२० ची. 'मूकनायक' तेव्हा नुकताच, ३१ जानेवारीला, सुरू झालेला. त्यातला त्या वेळचा मजकूर मूळच; मात्र तो चळवळीच्या आतून लिहिलेला आहे, हे ध्यानात ठेवून वाचावा. परिषदेला हजर असलेल्याने चाळीस वर्षांनी सांगितलेली आठवणही साक्षच, पण स्मरणाची. नातवाने सांगितली की ती ऐकीव झाली.

आपल्या घरातही साधने असतात. १९५६ पूर्वीचा आणि नंतरचा शाळेचा दाखला शेजारी ठेवून जातीचा व धर्माचा रकाना पाहा. सभेची हस्तपत्रके, वर्गणीच्या पावत्या जपा. आमच्या आजोबांच्या कागदांची चवड एका दिवाळीच्या साफसफाईत बंबात गेली. वाचणारे तेव्हा घरात कोणी नव्हते. त्यात काय होते, हे आता कोणालाच सांगता येत नाही.