शेजारचा पंप गेला, पेट्रोल राहिलं

आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून पूर्वी पेट्रोल पंप होता. तो बंद पडला, छत उतरलं, यंत्रं गेली, चारी बाजूंनी पत्रे ठोकले गेले आणि प्लॉट एका बिल्डरकडे गेला. जमिनीखालच्या टाक्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. नंतरच्या एका पावसाळ्यात बोअरच्या पाण्याला वास येऊ लागला. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, भांडी घासली तरी हाताचा रॉकेलचा वास जात नाही." कमिटीने गच्चीवरच्या टाकीतलं पाणी प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून लॅबला धाडलं. रिपोर्ट आला : पिण्यायोग्य.

हा रिपोर्ट खोटा नव्हता, हीच खरी पंचाईत. त्यात टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, कोलिफॉर्म एवढंच पाहिलं होतं. पेट्रोल कुणी शोधलंच नव्हतं. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, खनिज तेलाची मर्यादा आहे, पण बेंझिनची वेगळी मर्यादा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने बेंझिनसाठी लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे, कारण त्याने माणसाला रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. तेव्हा लॅबकडे 'बीटेक्स' तपासणी लेखी मागा : बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन आणि झायलीन. आणि पैसे भरण्याआधी विचारा, तुमचं यंत्र किती खालपर्यंत मोजतं? ते ०.०१ पर्यंत मोजतच नसेल, तर 'आढळले नाही' या शेऱ्याला काडीची किंमत नाही.

नाकावरही भिस्त ठेवू नका. नुसत्या बेंझिनचा वास पाण्यात जाणवायला लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे मर्यादेच्या हजारपट. पेट्रोलमधल्या इतर घटकांचा वास आधी येतो, ते आपलं नशीब. ते घटक विरले की वास जातो आणि सगळे म्हणतात, पाणी सुधारलं.

गच्चीवरच्या टाकीतला नमुना तर घेऊच नये. पाणी पंपातून उसळत वर चढतं, टाकीत धबाधबा पडतं, उन्हात तापतं. उडून जाणारं जे काही असतं ते तिथेच उडून जातं. नंतर आम्ही ज्या भूजलतज्ज्ञांना बोलावलं, त्यांनी बोअरच्या तोंडाशीच नळ बसवून घेतला, बराच वेळ पाणी वाहू दिलं आणि मग धार अगदी बारीक केली. आधी थोडं आम्ल घातलेल्या ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत काठावर फुगवटा येईपर्यंत पाणी भरलं. झाकण लावून कुपी उलटी केली, बोटाने टिचकी मारली. आत मोहरीएवढा बुडबुडा दिसला, तर त्यांनी ती कुपी टाकून दुसरी भरली. हवेला जागा मिळाली की बेंझिन पाण्यातून तिच्यात जातं. मग कुप्या बर्फात, आणि चौदा दिवसांच्या आत तपासणी.

पण त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच होता : "केसिंग किती फुटांपर्यंत आहे?" ६० फूट, आम्ही सांगितलं. ते हसले. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते जमिनीतल्या पाण्याच्या वरच्या थरावर तरंगतं. आमचं केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातला बंद पाइप, नेमका तोच थर बंद करून बसलं होतं. बोअरमध्ये येत होतं ते खालच्या भेगांमधून झिरपलेलं, विरघळलेलं पेट्रोल. वरची खबर सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यातल्या जुन्या, गाळाने भरत आलेल्या विहिरीत मिळाली. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग होता. लोहावर वाढणाऱ्या जिवाणूंचा तवंगही असाच दिसतो, म्हणून त्यांनी काठी फिरवून पाहिली. जिवाणूंचा तवंग पापुद्र्यासारखा तुटून तुकडे वेगळे राहतात, तेलाचा लगेच पुन्हा जुळतो. आमचा जुळला. (अशा विहिरीत डोकावताना काडी, विडी, मोबाइलची बॅटरी काहीही पेटवू नये, आणि आत तर मुळीच उतरू नये.)

आपल्याकडे काळा पाषाण, वर मुरूम. उन्हाळ्यात पाणी खाली जातं तसं पेट्रोलही त्याच्याबरोबर उतरतं आणि वाटेत मुरमाला चिकटत जातं. पावसाळ्यात पाणी वर चढतं आणि हा चिकटलेला भाग धुऊन काढतं. म्हणून वास जुलै-ऑगस्टमध्ये, तर तरंगता थर बहुधा मे महिन्यात जाड. एकाच मोसमातला नमुना दाखवून कुणी तुमची बोळवण करत असेल तर ऐकू नका. पावसाळ्याआधी एक, पावसाळ्यानंतर एक, आणि दर वेळी पाण्याची पातळी मोजलेली, असं निदान दोन वर्षं तरी चालायला हवं.

निरीक्षणासाठी बोअर घ्यायचे तर तीन, एका रेषेत नसलेले. त्यांच्या पातळ्यांवरून पाण्याचा उतार कळतो. मात्र पाषाणात पाणी भेगेभेगेने जातं, त्यामुळे उताराच्या विरुद्ध बाजूची विहीरही सोडू नये. पाइपाला स्लॉट पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीच्याही वरपासून हवेत. आणि शेजारी मोठा पंप लावून उपसा सुरू झाला, तर तो प्रदूषण स्वतःकडे ओढतो. म्हणून आमचा मुख्य बोअर आम्ही बंदच ठेवला आहे.

पाणी उकळून पिऊ असं काहीजण म्हणाले. उकळल्यावर बेंझिन स्वयंपाकघरातच पसरतं. आंघोळीच्या गरम पाण्याचंही तेच, आणि तळघरात वास येत असेल तर पाण्याआधी हवा तपासून घ्या.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नव्या पंपांसाठी घरं, शाळा, रुग्णालयांपासून ५० मीटरचा नियम आणला. जुन्या बंद पंपाच्या शेजाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. त्याने कागद मागावेत : टाक्यांचा नकाशा, रोजच्या साठ्याची वही (डिपस्टिकच्या मापात तूट दिसते), टाक्या काढल्याचा दाखला, आणि खड्ड्याच्या तळातल्या मातीचा तपासणी अहवाल. आमच्या बिल्डरकडून पहिले तीन आले. चौथा आला नाही, म्हणून राज्य मंडळाकडे तक्रार केली आहे, सोबत दोन्ही मोसमांचे आकडे आणि कुप्या लॅबला सुपूर्द केल्याची सही-शिक्क्याची नोंद जोडून.