माळेगावात डोंगर कुठून आला?

काल रात्री फोनवर तू रडकुंडीला आली होतीस. "ताई, आठवीच्या वर्गाला निसर्गचित्र काढायला सांगितलं, तर साठ पोरांनी एकच चित्र काढलं गं! दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि कडेला नारळाचं झाड."

अगं वेडे, त्यात रडायचं काय? उद्या शाळा सुटल्यावर माळेगाव बुद्रुकच्या शिवारात उभी राहा आणि चहूकडे बघ. ऊस, पाट, कारखान्याचं धुराडं, बांधावरची लिंबाची झाडं. तसले दोन डोंगर दिसतात का कुठे? पोरांनी जे काढलं ते त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. ते एका वहीतून दुसऱ्या वहीत चालत आलंय, बहुतेक आपल्या आजोबांच्या काळापासून. तुझं काम तिथूनच सुरू होतं बघ. आधी पोरांना बघायला शिकव, हात मागाहून वळतो.

पहिल्या आठवड्यात रंगांना हात लावू देऊ नकोस. घरून एक तांब्या ने आणि एक बांगडी. तांब्या काढताना तोंड पूर्ण गोल आणि बूड सरळ रेघ, हे ठरलेलं, कारण तांब्याचं तोंड गोल असतं आणि तो जमिनीवर सपाट बसतो एवढं पोरांना माहीत असतं. माहिती काढतात ती, दिसतं ते नाही. मग बांगडी डोळ्यासमोर आडवी धरायला लाव. डोळ्याच्या पातळीत ती नुसती रेघ दिसते. तशीच आडवी ठेवून खाली नेली की हळूहळू उघडत जाते. तांब्याचं बूड तोंडापेक्षा खाली, म्हणून त्याची कड तोंडापेक्षा जास्त गोलावते. हे फळ्यावर दहा वेळा सांगून कळत नाही, बांगडी एकदा फिरवली की कळतं. मुलं बांगडीला हसतील. हसू दे.

यथादर्शनासाठी पुस्तकातले आगगाडीचे रूळ कशाला हवेत? नव्या लागणीच्या शेतात ने. सरीच्या तोंडाशी उभं राहिलं की सगळ्या सऱ्या लांब एका ठिकाणी जाऊन मिळतात. मग म्हणावं, आता खाली बसा. क्षितिज त्यांच्याबरोबर खाली येतं. बैलगाडीवर चढा म्हणावं, तेही वर चढतं. क्षितिजाची रेघ आपल्याच डोळ्यांच्या उंचीवर असते, हे ज्या पोराला सरीत बसून कळलं, त्याला ते आयुष्यभर पुरतं.

रंगांवर आलीस की एक खोडी कर. सगळ्यांच्या पेटीतली हिरवी वडी काढून घे. बोंब होईल, "बाई, ऊस कशानं रंगवायचा?" पिवळा आणि निळा द्यायचा, जरासा तांबडा ठेवायचा, आणि खिडकीबाहेर बोट दाखवायचं. कोवळी लागण पिवळसर, भरलेला ऊस काळपट, पाचट मातकट, आणि थंडीत तुरा आला की वर रुपेरी जांभळट झाक. एका फडात इतके रंग आहेत हे शेतकऱ्याच्या पोरानंसुद्धा कधी मोजलेलं नसतं. तांबड्याचा एक ठिपका पडला की भडक हिरवा कसा शांत होतो, ते त्यांचं त्यांना सापडू दे.

"मला येतच नाही" म्हणणारी पाच-सहा पोरं प्रत्येक वर्गात असतात. त्यांना वर्तमानपत्रातला बैलाचा फोटो उलटा करून दे आणि उलटाच काढायला लाव. ही युक्ती माझी नाही हं. अमेरिकेत हायस्कूलला चित्रकला शिकवलेल्या बेटी एडवर्ड्‌स बाईंनी १९७९ च्या आपल्या पुस्तकातून ती जगभर नेली. उलटं धरलं की डोळा, शिंग ही नावं विसरायला होतात, उरतात ती नुसती वळणं. कागद सुलटा केल्यावर त्या पोराचं तोंड बघ.

आता माझी एक चूक सांगते, कुणाला सांगितलेली नाही. माझ्या शिकवण्याच्या तिसऱ्या वर्षी गळीत हंगामात ऊसतोड करणाऱ्यांचा एक मुलगा चार महिने वर्गात होता. त्यानं बैल काढला. मानेवर, जू टेकतं तिथे, काळा डाग घासून ठेवलेला. मला वाटलं कागद मळला. खोडरबर घेतलं, डाग पुसला आणि वर माझ्या पेन्सिलीनं मान सुबक करून दिली. तो हळूच म्हणाला, "बाई, तिथं खांदा आलाय त्याला." बैलाच्या मानेवरची ती सूज, सोललेली जागा तो रोज बघत होता. सबंध वर्गात खरं पाहिलेलं ते एकच चित्र, आणि ते मी पुसलं. हंगाम संपला, तो गेला. तेव्हापासून मी मुलाच्या कागदाला पेन्सिल लावत नाही. सांगायचंच असेल तर शेजारी वेगळ्या चिठोऱ्यावर काढून दाखव. आणि पुसण्याआधी विचार, "हे काय आहे रे?"

परीक्षेचं म्हणशील तर तिला नाक मुरडू नकोस. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटनं आपल्यासारख्या किती खेड्यांतल्या पोरांना कागद-रंग हाती दिले. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, अ ला ७, ब ला ५, क ला ३. पालक त्या सातासाठी रंगपेटी घेऊन देतात. घेऊ देत, पेटी तर घरात आली! फक्त स्मरणचित्राची पाठ केलेली चित्रं पोरांना देऊ नकोस. तुकोबांची पालखी बारामतीहून पुढे जाते, बेलवाडीला गोल रिंगण होतं, आपल्या भागातल्या कितीतरी पोरांनी ते पाहिलंय. एवढंच विचार, "घोडा धावला तेव्हा तू कुठे उभा होतास? तुझ्यासमोर कुणाची पाठ होती?" कुणी बापाच्या खांद्यावर होता, कुणाला नुसते पायच दिसले. एकाच रिंगणाची साठ वेगळी चित्रं होतील.

गणिताला तास मागायला कुणीतरी येईलच. कधीमधी दे, नेहमी नको. पंधरा ऑगस्टचा फलक, पाहुण्यांची रांगोळी, हेही तुझ्याच गळ्यात पडणार. चिडू नकोस, चार पोरं हाताशी घे. अक्षरलेखनाचा तो फुकटचा तास समज.

आणि वर्षातून एकदा त्यांना एस्‌टीनं औंधला ने. साताऱ्याकडचं औंध गं. तिथल्या राजांनी, स्वतः चित्रं काढणाऱ्या पंतप्रतिनिधींनी, यमाईच्या डोंगरावर १९३८ साली संग्रहालय उभं केलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकारानं घडवलेली आई आणि मूलही आहे. कॅलेंडरवरचं चित्र आणि खऱ्या कॅनव्हासवरचा रंगाचा थर यांतला फरक सांगून कळत नाही, चार फुटांवर उभं राहावं लागतं. शिवाय तिथे खरा डोंगर आहे. वह्या न्यायला सांग. डोंगराला कोण सूर्य चिकटवतं आणि कोण समोरचा उतार बघतं, ते कळेल तुला.

शेवटचं. तू स्वतः रोज एक पान काढ, तेही वर्गात, पोरांसमोर. चुकलं तर चुकू दे. बाईंचाही तांब्या वाकडा येतो हे दिसल्यावर मागच्या बाकावरचा घाबरट पोरगा पेन्सिल उचलतो.

दिवाळीला घरी येशील तेव्हा कुणाला कोणती श्रेणी मिळेल याची यादी मला नको. त्या साठ वह्यांतल्या दहा वह्या घेऊन ये. नारळाचं झाड दिसलं तर विचारीन, कुणाच्या दारातलं आहे? पोरानं झाडाच्या मालकाचं नाव सांगितलेलं असेल, तर तुझं वर्ष सत्कारणी लागलं समज.