शांत नदीतील कयाक : एक पाठ-टिपण

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात देवबाग हे गाव आहे. त्याच्या एका अंगास अरबी समुद्र, तर दुसऱ्या अंगास कर्ली नदी. गावाच्या टोकाशी नदी समुद्रास मिळते. मुखाच्या आतील पात्र संथ असून काठावर माड व कांदळवने आहेत. येथे येणारे कित्येक प्रवासी आयुष्यात प्रथमच कयाक ही अरुंद होडी वल्हवितात. या विषयाच्या आधारे इतिहास, विज्ञान, भूगोल आणि जलसुरक्षा यांचा मेळ एका पाठात घालता येतो.

पूर्वपीठिका : कयाक मूळची उत्तर ध्रुवाजवळील इनुइट लोकांची. लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती तयार करीत व तीत बसून शिकारीस जात. १८६५ साली जॉन मॅकग्रेगर यांनी अशाच घाटाच्या लाकडी होडीतून युरोपातील नद्यांचा प्रवास केला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कयाकच्या शर्यतींस स्थान मिळाले.

प्रयोग : परातीत पाणी घेऊन डब्याचे पसरट झाकण त्यावर तरंगत ठेवावे. झाकणाच्या मध्यभागी ओल्या मातीची चपटी वडी ठेवून त्यास हलकेच धक्का द्यावा. नंतर त्याच मातीचा उंच खांब करून तसाच धक्का द्यावा. वजन तेच असूनही खांब असलेले झाकण सहज कलंडते, कारण गुरुत्वमध्य वर गेलेला असतो. कयाकमध्ये उभे का राहू नये, हे मुलांनी यावरून आपल्या शब्दांत सांगावे.

विवेचन : कयाकच्या वल्ह्यास दोन्ही टोकांस पाती असतात. पात्याने पाणी मागे लोटले की होडी पुढे सरकते. केवळ उजवीकडे वल्हविल्यास नाळ डावीकडे वळते. म्हणून दोन्ही बाजूंस आळीपाळीने वल्हवावे लागते. नवशिका केवळ हातांनी जोर करतो व लवकर थकतो; अनुभवी माणूस कमरेपासून अंग वळवून वल्हवितो.

खरा धोका संथपणातच लपलेला असतो. भरती सुमारे सहा तास चढते व ओहोटी तितकाच वेळ उतरते. त्यांची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. ओहोटीत पाणी मुखाकडे ओढले जाते. ओढीबरोबर जाताना श्रम जाणवत नाहीत. परतताना मात्र थकलेल्या हातांनी तिच्याविरुद्ध झुंजावे लागते. यास्तव आरंभी ओढीविरुद्ध जावे, परतताना तिचे साहाय्य घ्यावे आणि मुखाजवळ मुळीच जाऊ नये.

मुलांनी पाठ करावयाचे नियम :
१. लाइफ जॅकेट बांधल्याखेरीज व जाणता माणूस सोबत असल्याखेरीज होडीत बसू नये.
२. होडी उलटल्यास तिला धरून राहावे. काठाकडे एकट्याने पोहत सुटू नये.
३. कोणी बुडत असल्यास मुलांनी पाण्यात उडी घेऊ नये. मोठ्यांस हाक मारावी व काठावरूनच दोर वा बांबू पुढे करावा.

उपयोजन : कयाक न पाहिलेल्या गावांतही नदी, तलाव वा विहीर असतेच. गावातील जाणत्यांस विचारून मुलांनी पाणवठ्यांचा नकाशा काढावा व त्यात डोह, निसरडे घाट आणि दोर ठेवण्याची जागा दाखवावी. तो नकाशा वर्गात कायम टांगलेला असावा. पाणी शांत दिसले तरी त्याची खोली व ओढ विचारल्यावाचून पाऊल टाकू नये, ही सवय मुलांच्या अंगी बाणली, तरच हा पाठ पुरा झाला असे शिक्षकांनी समजावे.