पुरुषांचे एकाकीपण आणि ‘मेन्स शेड’ : एक अभ्यास

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात सुतारकामाचा विषय पाहून विश्वस्त व देणगीदारांस आश्चर्य वाटेल. तथापि एकाकीपण हा आता आरोग्याचाच प्रश्न मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा व्यक्तींमागे एक व्यक्ती एकाकी आहे आणि वर्षाकाठी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी एकाकीपणाचा संबंध आहे.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात औषधे घेतल्यावरही बाकावर बसून राहणारे वयस्क गृहस्थ आम्ही नित्य पाहतो. निवृत्तीनंतर कार्यालय सुटते, पत्नी निवर्तल्यावर घरातील संवाद संपतो. प्रकृती विचारली, तर “ठीक आहे” एवढेच उत्तर मिळते.

ऑस्ट्रेलियात या अबोलपणावर एक साधा मार्ग निघाला. ‘मेन्स शेड’ या नावाची पहिली कार्यशाळा व्हिक्टोरिया राज्यातील टोंगाला या गावी १९९८ मध्ये सुरू झाली. २००७ मध्ये तेथे राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे आयर्लंडमध्ये २०११ साली व ब्रिटनमध्ये २०१३ साली अशाच संघटना उभ्या राहिल्या.

या शेडमध्ये करवत, रंधा, पटाशी अशी हत्यारे असतात. चहाची सोयही असते. सभासद शाळेचे बाक दुरुस्त करतात, मुलांसाठी खेळणी बनवितात. नवागतास त्याचे दुःख कोणी विचारीत नाही. हाती काम दिले जाते. समोरासमोर बसून न बोलणारे पुरुष खांद्याला खांदा लावून काम करताना आपोआप बोलू लागतात, हेच या उपक्रमाचे मर्म होय. आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव त्यांना परत मिळते. अनेक ठिकाणी रक्तदाब तपासणी व आरोग्यविषयक व्याख्यानेही होतात.

जमाखर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. जागा, हत्यारे, विमा व सुरक्षिततेचे प्रशिक्षण यांवर खर्च होतो. लाभ मात्र ताळेबंदात सहज मांडता येत नाही, कारण बरेचसे अभ्यास सभासदांच्या स्वकथनावर आधारलेले आहेत. तसेच शेड हा नैराश्यावरील उपचारांचा पर्याय नव्हे.

तरीही या अनुभवातून आम्ही एक बोध घेतला आहे : माणसाला केवळ विचारपूस पुरत नाही, त्याला काम व सोबतीही लागतात. रुग्णालयाच्या मोडक्या खुर्च्या व स्टुले दुरुस्त करण्याच्या निमित्ताने आठवड्यातून एक सकाळ अशी बैठक सुरू करावी, असे आम्ही विश्वस्त मंडळास नम्रपणे सुचवितो. वापरात नसलेली हत्यारे ज्यांच्या घरी असतील, त्यांनी ती अवश्य द्यावीत. आणि शक्य झाल्यास घरातील वडीलधाऱ्यांनाही सोबत आणावे, ही विनंती.