‘बाजूला व्हा’ या आज्ञेचा अर्थ

नशा हराम आहे हे आपल्या घरातील लहान मूलही जाणते. तरीही ती सोडू पाहणारा माणूस पुन्हा पुन्हा का घसरतो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

दिव्य कुरआनने मद्यबंदी टप्प्याटप्प्याने आणली. सूरह अल्-बकरामध्ये (२१९) मद्याचे पाप लाभाहून मोठे ठरवले, सूरह अन्-निसामध्ये (४३) नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई केली आणि सूरह अल्-माइदामध्ये (९०) पूर्ण निषेध केला. या शेवटच्या आयतीतील आज्ञा ‘इज्तिनाब’ची आहे. अरबीत ‘जन्ब’ म्हणजे बाजू. केवळ ‘पिऊ नका’ असे नव्हे, तर त्यापासून बाजूला व्हा, अंतर ठेवा, असा तिचा आशय आहे.

अंतर कशापासून? रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या तरुणाने हे स्वतःच शोधावे. पगाराचा दिवस, रात्रपाळीनंतरचा शीण, घरातील भांडण, जुना सोबती, दौंड स्थानकाकडील नेहमीची वाट; यांपैकी काय मनाला ओढते ते वहीत लिहावे. रमजानभर संयम पाळलेले कित्येक जण चांदरातीला घसरतात, म्हणून ती रात्रही त्या वहीत असावी. नशेचा बाजारही आता दूर राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्याच एका कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, जप्त केले.

नव्व्याण्णव खून केलेल्या माणसाची हदीस आपण ऐकली आहे. तौबेचा दरवाजा खुला आहे, एवढेच सांगून तो विद्वान थांबला नाही. ती वाईट वस्ती सोडून सज्जनांच्या वस्तीत जा, असेही त्याने बजावले. सर्वांना गाव सोडता येत नाही. परंतु वाट बदलता येते, पगार आईच्या किंवा पत्नीच्या हाती सोपवता येतो. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ वुजू करावे, दोन रकात नमाज अदा करावी, विश्वासू माणसाला फोन करावा, पोटात काही घालावे. उपाशी आणि एकटे बसू नये.

आता कुटुंबीयांसाठी. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळी मद्यपानासाठी वारंवार शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणी शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला रोखले, हा अल्लाह आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो, असे सांगितले. आपल्या घरांत मात्र पहिल्याच घसरणीला शिव्याशाप सुरू होतात, आणि तो पुन्हा टपरीची वाट धरतो.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली तर थरकाप, भ्रम, झटके येऊन जिवाला धोका होऊ शकतो. त्यासाठी डॉक्टरच हवेत. डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण पुण्यातच आहे. शासनाची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. पहिला फोन करताना घरातील एकाने त्याच्या शेजारी बसावे आणि त्यालाच बोलू द्यावे.