चावी कोणाच्या हाती द्यावी?

फोर्कलिफ्ट व इतर यंत्रांचे ऑपरेटर नेमताना घ्यावयाची काळजी



आमचा मूळ धंदा कापडाचा. गज, थान आणि गाठ यांत आमचे आयुष्य गेले. पुढे राजुरा भागातील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये आम्ही भागीदारी घेतली आणि दुकानदाराला कधी पडत नाहीत असे प्रश्न आमच्यापुढे उभे राहिले. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न यंत्राचा नव्हता, यंत्र चालविणाऱ्या माणसाचा होता. त्या बाबतीत आम्ही एक मोठी चूक केली. ती वाचकांच्या हातून होऊ नये म्हणून हा लेख.

चंद्रपूर-गडचिरोली म्हटले की बाहेरच्या माणसाला जंगल आठवते. ते खरेच आहे. परंतु या जंगलाच्या कडेने आज यंत्रांचा केवढा कारभार चालतो, ते येथे राहणाऱ्यालाच ठाऊक. घुग्घुस, बल्लारपूर आणि राजुरा भागांतील कोळसा खाणी, गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट कारखाने, बल्लारपूरचा कागद कारखाना, दुर्गापूरचे वीज केंद्र, आणि आता कोनसरीचा प्रकल्प व एटापल्ली तालुक्यात सुरजागडची लोहखनिज खाण. वडसा, मूल, सिंदेवाही या बाजूला भाताच्या गिरण्या आणि वरोरा, राजुरा, कोरपना या बाजूला कापसाचे जिनिंग. या सर्व ठिकाणी फोर्कलिफ्ट, हायड्रा, जेसीबी, पोकलेन चालतात आणि त्यांना चालक लागतात.

पूर्वी अहेरी तालुक्यातील कमलापूरच्या कॅम्पमधले हत्ती जंगलात सागाची लाकडे ओढीत. हत्तीवर बसायचे तर आधी महावत व्हावे लागे. त्याला वेळ लागे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसे. आज तीन टन उचलणारे यंत्र आपण कोणाच्याही हवाली करतो आणि “चालव” म्हणतो.

आमच्याकडे काय घडले

२०११ चा कापूस हंगाम होता. दिवाळीनंतर आवक वाढली. रोज गाठी बांधल्या जात होत्या आणि ट्रक रांगेत उभे होते. आमचा ऑपरेटर घरच्या लग्नासाठी गावी गेला आणि आठ दिवस आला नाही. आमच्याकडे ट्रॅक्टर चालविणारा एक बावीस वर्षांचा मुलगा होता. हात चांगला, स्वभाव नम्र. मुकादम म्हणाला, “शेठ, याले सगळं चालवता येते.” आम्ही ड्रॉवरमधून चावी काढून त्याच्या हातात दिली.

दोन दिवस काम ठीक चालले. तिसऱ्या दिवशी चार गाठी घेऊन तो थप्पीजवळ वळला. ट्रॅक्टर पुढच्या चाकांनी वळतो, फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. म्हणून वळताना तिचे मागचे जड अंग झटकन बाहेर फेकले जाते. मुलाची नजर पुढे गाठींवर होती. मागे भिंतीशी एक हमाल उभा होता. यंत्राचे वजन आणि भिंत यांच्यामध्ये त्याचा पाय सापडला.

माणूस वाचला, पण पुन्हा ओझे उचलू शकला नाही. पुढे आम्ही त्याला फाटकावर चौकीदार ठेवले. त्याच्या बायकोने आम्हाला एकच विचारले, “त्या पोराले शिकवलं होतं का?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. लोक त्या मुलाला दोष देत होते. दोष त्याचा नव्हता. चावी आम्ही दिली होती.

यंत्र म्हणजे तराजू

व्यापाऱ्याला समजेल अशा भाषेत सांगायचे तर फोर्कलिफ्ट हा तराजू आहे. पुढची चाके ही त्याची दांडी. एका पारड्यात माल, दुसऱ्या पारड्यात यंत्राच्या मागे बसविलेले लोखंडी वजन. माल जड झाला किंवा दांडीपासून दूर गेला की मागची चाके उचलली जातात.

प्रत्येक यंत्रावर एक पट्टी असते. तीवर ‘३००० किलो, ५०० मिलिमीटर’ असे काही लिहिलेले असते. याचा अर्थ मालाचा मध्य फोर्कच्या मुळापासून ५०० मिलिमीटरच्या आत असेल तरच ३००० किलो उचलावे. माल लांब असेल आणि त्याचा मध्य पुढे गेला तर तेच यंत्र बरेच कमी वजन पेलते. मास्ट उंच केला की आणखी कमी. रुईची बांधलेली गाठ सुमारे १७० किलोची, म्हणजे चार गाठींचे ६८० किलो. वजन कमी आहे म्हणून माणूस बेफिकीर होतो आणि वर उचललेला माल घेऊनच वळतो. उलटण्याचे अपघात असेच होतात. माल जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवून, मास्ट किंचित मागे झुकवून चालावे. उतारावर भरलेले यंत्र नेताना माल चढाच्या बाजूला ठेवावा, म्हणजे उतरताना रिव्हर्समध्ये उतरावे. ज्याला हे सांगता येत नाही त्याला यंत्र फक्त हलवता येते, चालवता येत नाही.

जिनिंगवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. रुईचा बारीक तंतू गरम सायलेन्सरवर साचतो आणि ठिणगीने पेट घेतो. आमच्या धंद्यात ऑपरेटर म्हणजे आगीचा पहिला पहारेकरीही होय. रोज इंजिनावरची रुई झाडणे हे त्याच्या कामात लिहूनच द्यावे.

माणूस कसा निवडावा

पहिली गोष्ट कागदपत्रांची. वय अठराच्या वर असल्याचा पुरावा, वाहन परवाना, पूर्वी कोठे आणि कोणते यंत्र चालविले त्याची माहिती. जुन्या मालकाला स्वतः फोन करावा, मुनीमावर सोडू नये. डोळे तपासून घ्यावेत. अंतराचा अंदाज दोन्ही डोळ्यांनी येतो आणि उंच थप्पी लावणे हा अंदाजाचाच खेळ आहे. लॉजिस्टिक्स सेक्टर स्किल कौन्सिलसारख्या संस्थांचे प्रमाणपत्र असेल तर चांगलेच. परंतु प्रमाणपत्र त्याने शिकल्याचे सांगते, तुमचे गोदाम ओळखल्याचे सांगत नाही.

परवान्याबाबत पुष्कळ गैरसमज आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनविलेले खास वाहन वगळले आहे. म्हणून कित्येक मालक म्हणतात, “परवाना कशाला?” पण तेच यंत्र फाटकाबाहेर सार्वजनिक रस्त्यावर आले की सवलत राहत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत फोर्कलिफ्ट हे बांधकाम यंत्रांच्या वाहनांत मोजलेले आहे. रस्त्यापलीकडच्या गोदामात दोन मिनिटांत जाऊन येतो म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट चाचणीची. अर्धा तास द्यावा आणि स्वतः उभे राहावे. चावी दिल्यावर तो लगेच चढून बसतो की आधी यंत्राभोवती फिरतो, हे पाहावे. टायर, साखळी, तेलाची गळती, ब्रेक, भोंगा हे पाहणारा माणूस कामाचा. मग एक गाठ उचलायला, थप्पीवर ठेवायला आणि अरुंद गल्लीतून मागे यायला सांगावे. वेग पाहू नये. मागे वळून किती वेळा पाहतो ते मोजावे.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत मोठी. त्या अपघातानंतर आम्ही नवा ऑपरेटर शोधला तेव्हा चौघे जण आले. हात चौघांचेही साफ होते. शेवटी आम्ही प्रत्येकाला सांगितले, “वरची गाठ सरकली आहे. या हमालाला फोर्कवर उभा करून वर घे.” हमालाला आम्ही आधीच सांगून ठेवले होते की पाय ठेवायचा नाही. तिघे तयार झाले. एकाने तर फोर्क खाली घेऊन त्याला बोलावलेही. चौथ्याने इंजिन बंद केले, खाली उतरला आणि म्हणाला, “शेठ, मानूस नाही उचलत मी यावर. शिडी द्या, नाहीतर दुसरा पाहा.”

त्याने पगार इतरांपेक्षा जास्त मागितला होता. आम्ही त्यालाच ठेवले. मालकाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणारा माणूस आपल्या बाजारात उद्धट समजला जातो. यंत्रावर मात्र तोच माणूस सर्वांची अमानत सांभाळतो. पण एवढ्याने भागत नाही. त्याने नकार दिल्यावर मालकाने त्याचे ऐकले पाहिजे. ट्रक थांबला म्हणून आपण ओरडलो तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल आणि उचलेल.

ठरावाच्या गोष्टी

नेमणूक तोंडी करू नये. एका कागदावर पगार, कामाचे तास, साप्ताहिक सुटी आणि जादा कामाचा दर लिहावा. कायद्याप्रमाणे जादा कामाला दुप्पट दराने मजुरी द्यावी लागते. हंगामात सोळा-सोळा तास यंत्रावर बसलेला माणूस झोपेत चालवितो, हे दुप्पट मजुरीहून महाग पडते. चावी ऑपरेटर आणि त्याच्या नेमलेल्या बदली माणसाशिवाय कोणाकडे जाणार नाही, हेही लिहावे. ते आम्हालाही लागू.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यात माल उचलणाऱ्या यंत्रांची व साखळ्यांची जाणकार माणसाकडून १२ महिन्यांत किमान एकदा पूर्ण तपासणी करण्याची सक्ती होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यासंबंधीची २०२० ची संहिता आली. तीत वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी कामगारांची संख्या १० वरून २० केली आहे. म्हणून काही लहान मालक सुटल्याचा आनंद मानतात. साखळी तुटताना गोदामात किती कामगार आहेत हे मोजत नाही. वर्षाची तपासणी सोडू नये.

आता हिशेब. ईएसआयचे छत्र नसलेल्या कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर भरपाई मालकाला द्यावी लागते. १९२३ च्या कायद्यात दिलेले गणित असे की मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम घ्यावी आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणावी. पंचविसाव्या वर्षाचा आकडा २१६.९१ आहे. वेतन १२,००० असेल तर ६,००० गुणिले २१६.९१, म्हणजे १३,०१,४६० रुपये. निम्म्या वेतनाला वयाच्या आकड्याने गुणण्याची ही रीत नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. चांगल्या ऑपरेटरला महिन्याला दोन-तीन हजार जास्त देणे ज्यांना जड वाटते त्यांनी ही रक्कम भिंतीवर लिहून ठेवावी. कामगार विमा काढावाच. पण विमा पैसे देतो, पाय देत नाही.

आपल्या भागाच्या अडचणी

येथे तयार ऑपरेटर टिकत नाही. खाणीचा किंवा सिमेंटचा ठेकेदार जास्त देतो आणि तो हंगामाच्या मध्यात निघून जातो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता. त्या दिवसांत जंगलालगतच्या गावांतील माणसे घरी जाणारच, कारण ती त्यांची रोख कमाई असते. रागावून उपयोग नाही, रजेचे कोष्टक आधी करावे.

यावर उपाय एकच. दुसरा माणूस आधीपासून तयार ठेवावा. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक किंवा ट्रॅक्टर मेकॅनिक झालेली मुले दोन्ही जिल्ह्यांत आहेत. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली अशा मुलांना शिकाऊ म्हणून घेता येते. त्याला उस्तादाजवळ बसवावे, रिकाम्या आवारात रिकामे यंत्र चालवू द्यावे, मग एक गाठ, मग चार. किती दिवस, हे उस्तादाने ठरवावे, ट्रकच्या रांगेने नव्हे.

भाषेचाही विचार करावा. आमच्या आवारात मराठी, हिंदी, तेलुगू आणि गोंडी बोलणारे हमाल एकत्र काम करतात. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. म्हणून हाताच्या खुणा ठरविल्या. थांब, वर, खाली, मागे. ‘थांब’ ही खूण कोणीही करावी, अगदी झाडू मारणाऱ्या बाईनेही, आणि ऑपरेटरने विचार न करता थांबावे. जमिनीवर पिवळा पट्टा ओढून पायी चालणाऱ्यांची वाट वेगळी केली. खर्च रंगाच्या दोन डब्यांचा.

ज्या मुलाच्या हाती आम्ही ती चावी दिली होती त्याला आम्ही कामावरून काढले नाही. वर्षभर तो यंत्राजवळ गेला नाही. पुढे त्या चौथ्या ऑपरेटरने त्याला हाताशी घेतले आणि पहिल्या दिवशी चावी न देता आवाराच्या मधोमध उभे करून विचारले, “सांग, मांगं कोन हाय?” आज तो आमचा मुख्य ऑपरेटर आहे. चावी त्याच्याकडे असते. आमच्या ड्रॉवरमध्ये नसते.