बांगडीचे माप आणि मनियाराचा हुन्नर

व्यापारी बंधूंनो, आमचा धंदा कापडाचा. पण ज्या गिऱ्हाइकाने साडी किंवा सलवार-कमीज घेतली, त्याच्या घरची बाई त्याच दिवशी जोडीची बांगडी शोधते. म्हणून काही वर्षांपूर्वी रमजानमध्ये आमच्या पुतण्याने वाशीच्या दुकानात बांगड्यांचे काउंटर लावले. तेव्हा झालेल्या नुकसानीतून आम्ही जे शिकलो, ते सांगण्यासाठी हा लेख.

दागिना फार जुना आहे. सायबेरियातील डेनिसोवा गुहेत २००८ साली हिरव्या दगडाच्या कड्याचा तुकडा मिळाला. तो सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीचा असावा असे संशोधक मानतात. मोहेंजोदडोला १९२६ साली मिळालेल्या कांस्य नर्तकीचा डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला आहे. आपल्या कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झाले, त्यात बहामनी काळातील रंगीत काचेच्या बांगड्या मिळाल्या. म्हणजे काचेचा हा हुन्नर दख्खनला शेकडो वर्षे ठाऊक आहे. हैदराबादेत चारमिनारजवळच्या लाड बाजारात आजही लाखेच्या बांगड्या हाताने घडतात.

इंग्रजी अमलात मात्र विलायती माल आला. बोहेमियातील कारखाने खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी बांगड्या काढीत. पहिल्या महायुद्धात तो माल थांबला, जपानचा माल आला आणि पुढे फिरोजाबादने बाजार हाती घेतला. महाराष्ट्रातही लोकांच्या एकेक पैशाच्या वर्गणीतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंड काच कारखाना उभा राहिला.

फिरोजाबादेत भट्टीतील वितळलेल्या काचेची तार फिरत्या रुळावर गुंडाळतात. स्प्रिंगसारखे ते वेटोळे कापले की एकेक कडी सुटी होते. तिची तोंडे ज्योतीवर जोडायचे काम घराघरांत चालते. एक बांगडी कितीतरी हातांतून जाते. गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे बांगडी विकणारे दोन समाज प्रसिद्ध, कासार आणि मनियार. मनियारीण गावोगाव हिंडे, सर्व धर्मांच्या घरात तिला आत बोलावणे असे. लग्नातला हिरवा चुडा तिच्या किंवा कासाराच्या हातून भरला जाई. बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात, हेही या धंद्यात शिरणाऱ्याने शिकावे. नवी मुंबई वसण्यापूर्वीपासून इथे कोळी आणि आगरी वस्ती आहे. कोळी नवरी उजव्या हातातील काचेच्या बांगड्या धन्याच्या रक्षणासाठी समुद्राला अर्पण करी, अशी जुनी चाल नोंदलेली आहे. ज्याला गिऱ्हाइकाची रीत ठाऊक, त्याचाच माल खपतो.

आता आमची चूक. बारीक हाताच्या मुलींसाठी २.२ हून लहान माप हवे, म्हणून पुतण्याने २.१० ची पेटी मागवली. ‘दोन दशांश एक’ असा त्याचा हिशेब. चांदरातीला पेटी उघडली तर बांगड्या हातातून घसरून पडू लागल्या. माल परत गेला नाही, ईद निघून गेली. शेजारच्या मनियार खाला हसून म्हणाल्या, “बेटा, ही दशांशाची नाही, आण्याची भाषा आहे.”

खरेच तसे आहे. टिंबापुढचा आकडा इंचाचा सोळावा हिस्सा दाखवतो, जसे रुपयाचे १६ आणे. २.४ म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच. २.८ म्हणजे अडीच इंच. २.१० त्याहूनही मोठी. १९५७ साली दशमान नाणी आली, नवी पिढी आणे विसरली, पण बांगडी विसरली नाही.

माप मनगटाचे घेऊ नये. अंगठा तळहाताकडे दुमडून पंजाचा सर्वांत रुंद घेर फितीने मोजावा आणि ३.१४ ने भागावे. घेर साडेसात इंच आला तर व्यास २.३९ इंच, म्हणजे सोळाव्या हिशेबाने २.६ ची बांगडी. हात नरम असेल तर खाला एक माप कमीही चढवतात. ते फितीला जमत नाही.

आता ऑफिसला जाणाऱ्या मुली डझनाऐवजी एकच कडे घालतात. खालांची मुले या धंद्यात यायला तयार नाहीत. आम्ही पुतण्याला म्हटले, काउंटर बंद करू नकोस, खालांना दोन तास बसव आणि त्यांचा मोबदला ठरवून दे. त्याने ऐकले. पुढच्या ईदला एकही पेटी पडून राहिली नाही.

बंधूंनो, माल कोणीही मागवू शकतो, पण हात ओळखणारा माणूस एकदा गेला की मागवता येत नाही. आपल्या गल्लीत असा कारागीर असेल तर त्याच्याकडून शिकून घ्या.